दुधाच्या कपारीला तिकीट लागलं तेव्हा

किळस येण्यासारख्या जागा मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या. छावणीतल्या खाटिकखान्याचं गटार पाहिलं, पटकीच्या साथीत ओस पडलेली धर्मशाळा पाहिली. पण आजही कुणी 'किळस' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गटार येत नाही. पिवळ्या रंगाने रंगवलेला एक पत्र्याचा बोर्ड येतो. 'पाताळगुंफा. आत या आणि निसर्गाचा चमत्कार पाहा.' खाली बाण काढलेला, आणि बाणाच्या टोकाशी कुणीतरी मारलेली पानाची पिचकारी.

लढाईचे दिवस होते. मी नुकताच मॅट्रिक होऊन भिंगारच्या छावणीत सामानाच्या कोठीवर कारकून म्हणून चिकटलो होतो. आम्ही दहा-बारा कारकून, बहुतेक नगर शहरातले, चांगल्या वस्तीतले, इस्त्रीच्या सदऱ्यातले. नोकरीच्या पहिल्या दिवशी हेडक्लार्कने एकेकाला गाव विचारलं. माझ्या आधीचा एक खेडवळ पोरगा "मी पारनेरकडचा हाय" म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "केडगावचा." केडगाव म्हणजे शहराला चिकटलेलंच. तिथं माझं कुणी नव्हतं. पण एकदा सांगितलं ते सांगितलं. मग मी शुद्ध बोलायला शिकलो, न्हाईचं नाही केलं, हायचं आहे केलं, आणि महिन्यातून एकदा गुपचूप घरी जाऊन येऊ लागलो.

घर म्हणजे सुप्याच्या पुढे, पुण्याच्या सडकेपासून कोसभर आत, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असलेलं आमचं गाव. वडिलांची मळ्यात मोट चालायची, खाऊन-पिऊन बरं होतं. लाज वाटावी असं त्या घरात काही नव्हतं. लाज माझ्यात होती, ती मी घराला चिकटवली.

त्या डोंगराच्या पोटात एक कपार होती. बाहेरून वाकून शिरायचं, मग आत दहा माणसं उभी राहतील एवढी पोकळी, आणि तिच्या पुढे आणखी तशीच एक. छतात पांढऱ्या चमकणाऱ्या गारा, म्हणजे गारगोटीचे खडे, होते. अगदी आतल्या टोकाला छतातून एक दगड खाली उतरलेला होता, गोल, भरलेला, आणि त्याच्या टोकातून बारा महिने थेंब थेंब पाणी गळायचं. आमच्याकडच्या बाया त्याला 'थान' म्हणत आणि जागेला 'दुधाची कपार'. तिथं मूर्ती नव्हती, पुजारी नव्हता, जत्रा नव्हती. बाळंतिणीला पान्हा फुटला नाही की तिची आई उपाशीपोटी, अनवाणी तिथं जायची आणि तांब्यात ते पाणी धरून आणायची. पहिला थेंब तांब्यात पडल्यापासून ते पाणी लेकीच्या ओठाला लागेपर्यंत तिनं एक अक्षर बोलायचं नाही. बोलली की ते नुसतं पाणी. मग ते तिथंच ओतून द्यायचं. आणि एका बाळंतपणाला एकदाच. दुसऱ्यांदा त्याच लेकरासाठी जाता येत नसे. पान्हा खरंच फुटायचा का, हे मला विचारू नका. माझ्या वेळी माझ्या आजीनं आणलं होतं आणि मी हा असा जगलोवाचलो आहे.

नंतर नगरच्या एका मक्तेदाराने दगडाच्या खाणीसाठी तो डोंगर सरकारकडून मक्त्याने घेतला. सुरुंग लावता लावता त्याला कपार सापडली. म्हणजे आमच्या पणज्यांना शेकडो वर्षं ठाऊक असलेली कपार त्याला सापडली! छावणीत गोऱ्या सोल्जरांची गर्दी होती, त्यांना रविवारी करमत नसे. मक्तेदाराने खाण बाजूला ठेवली, तोंड फोडून मोठं केलं, लोखंडी दार बसवलं आणि तिकिटाची खिडकी काढली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं, पाहिलेलं नव्हतं. त्या माघात, एका शुक्रवारी, भिंगारच्या बाजारात आमच्या गावचा एक शेतकरी भेटला. मी त्याला घाईघाईने एका बोळात घेतलं, कुणी पाहू नये म्हणून.

तो म्हणाला, "तुज्या बहिनीला मुलगा झालाय, धा दिस झालं. पन पान्हा न्हाई. पोरगं रडून रडून निळं पडतंय. तुजी आई म्हन्ली, रयवारी कपारीचं पानी आनते."

"बरं," मी म्हणालो.

"तू येतू का?"

"बघतो," मी म्हणालो.

आणि त्याच संध्याकाळी हेडक्लार्कने जाहीर केलं की साहेबांनी रविवारसाठी लॉरी मंजूर केली आहे, आणि आपण सगळे पाताळगुंफा पाहायला जाणार.

मी आजाराचं निमित्त काढू शकलो असतो. पण मी हिशेब असा केला की आई जाणार ती पहाटे. आजवर सगळ्या बाया पहाटेच जात आल्या. आम्ही पोचणार दहाला. तोवर ती पाणी घेऊन घरी गेलेली असेल, बहिणीनं ते प्यालेलं असेल. आपण लॉरीतून उतरावं, गुहा पाहावी, लॉरीत बसावं. गाव पलीकडच्या अंगाला, कोण ओळखतंय! दाराला आता कुलूप असतं आणि ते नऊच्या पुढे उघडतं, हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं.

रविवारी लॉरी निघाली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा, सोड्याच्या बाटल्या, एकाची बाजाची पेटी. केडगावाशी आलो तेव्हा हेडक्लार्क ओरडला, "तुमचं गाव आलं हो! घरच्यांना हाक मारा!" मी दात काढले. सुपं गेलं तशी मी टोपी कपाळावर ओढली.

डोंगराच्या पायथ्याशी उतरलो आणि पहिला वास आला तो मुताचा. तिकिटासाठी थांबलेली माणसं बाजूच्या निवडुंगाआड जाऊन येत होती. सडकेपासून दारापर्यंत चुन्याने रंगवलेले दगड दोन्ही बाजूंनी मांडलेले. दाराशी मक्तेदाराचीच एक टपरी. तिथं चहा, विड्या, शेंगदाणे, आणि रिकाम्या काड्यापेट्यांत कापूस घालून त्यावर ठेवलेले कपारीतल्या गारांचे तुकडे. छतातल्या गारा! लहानपणी कंदील वर धरला की चांदण्या उमटायच्या, त्या छिन्नीने काढून इथं विकायला ठेवल्या होत्या. एका कारकुनाने बायकोसाठी दोन पेट्या घेतल्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, हे मी ऐकून होतो. ते लोणी काड्यापेटीत घालून विकणारा पहिल्यांदा पाहिला.

गुहा दाखवायला मक्तेदाराचा मेहुणा होता. अंगात कुणा सोल्जरने टाकलेला खाकी कोट, तोंडात पान, हातात वेताची छडी. त्याच्या मागून एक माणूस डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालला. त्या दिवसांत आमच्या गावात चिमणीपुरतं रॉकेल मिळत नव्हतं, बाया संध्याकाळी चुलीच्या उजेडात भाकऱ्या थापत होत्या. आणि इथं भरदिवसा दगडांना उजेड दाखवत होते.

आत शिरलो आणि मी नाकाला रुमाल लावला. वटवाघळांचा वास मला ओळखीचा होता, त्याचं मला काही नाही. पण त्यात रॉकेलचा धूर, विड्या, नासक्या केळ्याच्या साली आणि माणसांचा घाम मिसळला होता. भिंतींवर हात पोचेल तिथवर नावं कोरलेली, मराठी, इंग्रजी, बाण घुसलेली बदामं. छतावर गारा होत्या तिथं खाचा, आणि खाचांवर काजळी. एका उंचवट्याला शेंदूर फासून गणपती केला होता, दुसऱ्याला हिरवा रंग देऊन राघू. मेहुणा छडी आपटत पोपटासारखा बोलत होता.

"हा बघा भीमाचा गुडघा! ही बघा द्रौपदीची वेणी! हे सिंहासन, बसा साहेब, बसा, सगळे बसतात. आता इथं मोठ्यानं आवाज द्या, सात वेळा परत येतो."

आमचे बारा कारकून बोंबलले. एकाने हेडक्लार्कचं नाव घेतलं, एकाने बायकोचं, एकाने घाणेरडी शिवी दिली. शिवी काही सात वेळा परत आली नाही, दोनदाच आली, पण सगळे पोट धरून हसले. मीही बोंबललो. काय बोंबललो ते आठवत नाही.

या कपारीत मी आईबरोबर एकदाच आलो होतो, मावशीच्या वेळी. मी सहा-सात वर्षांचा असेन. आई पाणी धरत बसली होती आणि मी बाजूला. थेंबाचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नव्हता, आणि मला भीती वाटली नव्हती.

मेहुणा दुसऱ्या पोकळीच्या तोंडाशी थांबला. पान एका गालातून दुसऱ्या गालात घेऊन आवाज बारीक केला. "पुढचं बायामाणसं बरोबर असली की वेगळं सांगावं लागतं. आज सगळे बापयेच आहेत, म्हणून खरं दाखवतो. गोऱ्यांना हेच लई आवडतं. हात लावायला मनाई नाही." आणि त्याने डोळा मारला.

तो कुठला दगड दाखवणार ते मला कळलं. तो सगळ्यांना घेऊन आत गेला, गॅसबत्ती आत गेली, आणि बत्तीच्या उजेडात तो दगड दिसला. हात लावून लावून काळा, तेलकट झालेला. टोकाशी कुणीतरी शेंदराने गोल काढलेला. आणि त्याच्या खाली, दोन्ही हातांत तांब्या धरून, उकिडवी बसलेली एक बाई. पाठमोरी होती. पण आईची पाठ ओळखायला उजेड लागत नाही.

"ए बाई!" मेहुणा खेकसला. "तू अजून इथंच? दार उघडलं तवा शिरलीस ना तू? तास झाला."

तास होणारच. थेंब थेंब पाणी, तांब्या भरायला तेवढा वेळ लागतो. आई उठली. पदर तांब्यावर ओढला आणि वाट देण्यासाठी भिंतीला लागून उभी राहिली. बोलली नाही.

"काय लपवलंय पदराखाली? दगड काढलेस ना? गावातल्या बायांचा हाच धंदा आहे साहेब. गारा काढायच्या, लुगड्यात लपवायच्या आणि बाजारात विकायच्या."

बाहेर टपरीवर काड्यापेट्या मांडून बसलेल्याचा हा मेहुणा! त्याने तांब्यावरचा पदर छडीने उचलला. आईने तांब्या छातीशी धरला. मान हलवून नाही म्हणाली.

"तोंड नाही का? मुकी आहेस का?"

आमच्यातला एक जण म्हणाला, "मुकीच असेल हो." दुसरा म्हणाला, "पक्की दिसते. झडती घ्या." हेडक्लार्क सिंहासनावर बसून आल्याच्या तोऱ्यातच होता. तो म्हणाला, "एकट्या बाईला आत सोडताच कशाला तुम्ही?"

मेहुण्याला जोर चढला. "कुणाबरोबर आलीस? सांग, नाहीतर चावडीवर नेऊन बसवीन, मग तिथं बोल."

आईने वर पाहिलं. एकेक तोंड पाहत तिची नजर फिरली, आणि माझ्यावर आली, आणि थांबली. गॅसबत्तीचा उजेड माझ्या तोंडावरच होता. मी इस्त्रीच्या सदऱ्यात, टोपी कपाळावर, हातात सोड्याची बाटली.

मला एवढंच म्हणायचं होतं, ही माझी आई आहे. तिला सोडा, ती आत्ता बोलू शकत नाही, घरी माझी बहीण बाळंतीण आहे. तीन वाक्यं. ज्याला बोलायची मुभा होती असा त्या कपारीत आमच्या दोघांपैकी मी एकटाच होतो. आणि माझी दातखीळ बसली. केडगाव, हेडक्लार्क, फिदीफिदी हसणं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी टोपी आणखी खाली ओढली.

मेहुण्याने तिची नजर पाहिली आणि माझ्याकडे वळला. "ह्यांच्याबरोबर आहेस का?"

हेडक्लार्कही वळला. "काय हो, तुमच्या ओळखीची आहे का ही बाई?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो ते मी स्वतःलाही आजवर सांगू शकलेलो नाही. 'हो' म्हणणार होतो असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो, पण ते खरं नसावं. आईने माझं तोंड पाहिलं. लहानपणापासून पाहिलेलं तोंड, त्यात काय चाललंय हे तिला माझ्याआधी कळत असे.

ती म्हणाली, "न्हाई. मी न्हाई कुनाला वळखत. येकटीच हाय मी."

थेंबाचा आवाज पुन्हा ऐकू आला.

"मग आधीच बोलायला काय झालं होतं?" मेहुणा म्हणाला. "मुकी नाही तर! दाखव तांब्या."

आईने तांब्या पुढे केला, त्याला आतलं पाणी दाखवलं. मग भिंतीच्या कडेला वाकून ते सगळं ओतून दिलं, सावकाश, एका धारेने. रिकामा तांब्या उलटा करून त्याला दाखवला. एक गार नव्हती. पदर सावरून ती आमच्या मधून वाट काढत निघाली. माझ्याजवळून जाताना तिचं लुगडं माझ्या हाताला घासलं. तिने वर पाहिलं नाही.

"वेडी आहे," हेडक्लार्क म्हणाला. "पाण्यासाठी एवढं नाटक!"

मग मेहुण्याने आपलं ते 'खरं' दाखवलं, सगळे हसले, एकेकाने हात लावला. माझी पाळी आली तेव्हा मी बाहेर पळालो आणि चुन्याने रंगवलेल्या दगडांवर ओकलो. गुहेतल्या कोंदट हवेने झालं असं सगळ्यांना वाटलं. मला सोडा पाजला, पाठ चोळली. दुपारी झाडाखाली पुऱ्या खाल्ल्या, पेटी वाजली. परतीला, खोटं निभवायचं म्हणून, मी केडगावला उतरलो आणि तिथून भिंगारपर्यंत चालत गेलो.

मक्तेदाराची मला किळस आली, मेहुण्याची आली, त्या हसणाऱ्या बारा जणांची आली. पण त्यांनी जे केलं ते परक्याच्या आईला केलं. त्यांना काय ठाऊक होतं? मी अजूनही आरशासमोर दाढी करताना तोंडाकडे फार वेळ पाहत नाही.

भाचा जगला, हे आधी सांगून टाकतो, उगीच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. शेळीच्या दुधावर वाढला, धडधाकट झाला. मी पुढल्या रविवारी घरी गेलो तेव्हा बहीण बाजेवर बसून त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती. अर्धं दूध त्याच्या गळ्यावरून ओघळत होतं. आई चुलीपुढे होती. माझ्यासाठी पाट मांडला, ताट वाढलं, नोकरीचं विचारलं, प्रकृतीचं विचारलं. कपारीचं नाव काढलं नाही.

नाव बहिणीनेच काढलं. "दादा, आईनं काय केलं ठावं हाय का तुला? कपारीत जाऊन बोलली! समद्या गावाच्या आया पानी आनत्यात, कुनी बोलत न्हाई. हिला येवढं तोंड मिटता आलं न्हाई. माज्या लेकराचं दूध हिनं घालवलं."

मी घास हातात धरून आईकडे पाहिलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"चुकलं बाई माजं," ती म्हणाली. "पाय घसरला, आन तोंडातून शबुद गेला. काय करू आता?"

"पाय घसरला म्हनून काय झालं? जीभ चावायची!" बहीण रडायला लागली. "मी मरंस्तवर इसरनार न्हाई."

आणि ती विसरली नाही. आईच्या तेराव्याला आलेल्या बायांनाही तिने ते सांगितलं, आणि तेव्हाही मी तिथंच बसलो होतो. पण मी सांगतोय तो दिवस त्याच्या फार आधीचा. त्या दिवशी बहीण रडत होती, पोरगं रडत होतं, आणि आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं, डोळ्यांनीच 'गप' म्हणाली, आणि तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.